तगरीवरची अळी तपकिरी का झाली, आणि मॉथ बघायला सुरुवात कुठून करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पुण्यात बाल्कनीतल्या तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी सापडली, मानेशी दोन निळे डोळे, शेपटीला बारकं शिंग, तुम्ही ती तगरीच्या पानांसकट काचेच्या बरणीत ठेवली, चार दिवस तिने अधाशासारखं खाल्लं, पाचव्या दिवशी खाणं बंद, रंग मळकट तपकिरी, रात्रभर बरणीत गोल गोल फेऱ्या, आणि मग तीन दिवसांनी आक्रसून काळी पडली. तुम्हाला वाटलं पानांवर कसला तरी फवारा होता. शिवाय विचारलंय की मॉथ, म्हणजे पतंग, बघायचा नाद लावून घ्यायचा तर दिवा कुठला, कॅमेरा कुठला आणि नावं कशी शोधायची.

दिव्याचं नि कॅमेऱ्याचं नंतर, आधी त्या अळीचं. ती आजारी नव्हती हो. ती ओलिअँडर हॉकमॉथची (हॉकमॉथ म्हणजे दणकट अंगाचे, वेगाने उडणारे मॉथ) अळी, कण्हेर, तगर, सदाफुली यांवर वाढणारी, आणि तिचं खाऊन झालेलं होतं. पूर्ण वाढली की ही अळी हिरव्याची तपकिरी होते आणि झाड सोडून खाली उतरते, कारण तिला पालापाचोळ्यात शिरून कोष करायचा असतो, आणि पाचोळ्यात हिरवी अळी लांबून दिसेल म्हणून रंग बदलतो. तुमच्या बरणीत ती रात्रभर फिरत होती ती जागा शोधत होती. खाली गुळगुळीत काच, वर झाकण, शिरायला कुठे काही नाही. दमून दमून तिथेच कोष करायला गेली असणार आणि कात नीट निघाली नसणार. फवाऱ्याने मेली असती तर पहिल्या दिवशीच उलट्या करून लोंबली असती. म्हणजे तुम्ही पहिल्याच प्रयत्नात अळी शेवटपर्यंत वाढवलीत, फक्त शेवटची खोली द्यायची राहिली. मी तर पहिल्या वर्षी याच्या दसपट मारल्यात, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

मी काही शास्त्रज्ञ नाही, चिपळूणजवळ राहते, अल्पबचतीची कामं करत गावोगाव फिरते, त्यामुळे लोकांची परसं बघायला मिळतात. चौदा-पंधरा वर्षं झाली या नादाला. घरी सगळ्यांनी आता सोडून दिलंय, सासूबाई फक्त एवढंच म्हणतात की फ्रिजवरच्या डब्यात काय आहे ते आधी सांग मगच मी उघडीन.

डब्यावरून सांगते. काचेची बरणी नको. श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा सगळ्यात बरा, आडवा, पारदर्शक झाकणाचा असेल तर फारच छान. खाली टिश्यू नाहीतर वर्तमानपत्र, वर ताजी फांदी, रोज सकाळी लेंड्या झटकून कागद बदलायचा. झाकणाला चाळणीसारखी भोकं पाडायची गरज नाही, अळीला लागून लागून किती हवा लागते, चार भोकं पुरे, नाहीतर पानं संध्याकाळपर्यंत वाळून कुरकुरीत होतात. उलट पावसाळ्यात त्रास असतो तो ओलीचा. पानं धुऊन आणली तर पुसून कोरडी करून घाला, डब्याला आतून घाम आला की लेंड्यांवर बुरशी येते आणि मग अळी पातळ हगायला लागते, एकदा ते सुरू झालं की बहुतेक वाचत नाही. फांदी ताजी राहावी म्हणून बाटलीत पाणी घालून ठेवणार असाल तर बाटलीच्या तोंडाला कापूस गच्च कोंबा. माझ्या पाच अळ्या अशाच देठावरून खाली चालत जाऊन बुडून मेल्या, पाचच्या पाच, एका रात्रीत, मी शेजारच्या खोलीत झोपलेली.

आणि झाड बदलायचं नाही. तगरीवर मिळालेली तगरीवरच ठेवा. बऱ्याच अळ्या उपाशी मरतील पण दुसरं पान तोंडात घेणार नाहीत, कोबी काकडी तर सोडाच, लोकं मला विचारतात कोथिंबीर चालेल का. कण्हेर-तगरीचा चीक हाताला लागतो तो विषारी असतो, पानं बदलून झाली की हात साबणाने धुवा, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

खाणं थांबलं, रंग बदलला, अळी डब्यात भटकायला लागली की दुसरा डबा घ्या. हॉकमॉथ असेल तर खाली तीन-चार बोटं भुसभुशीत ओलसर माती, म्हणजे मुठीत दाबली तर लाडू व्हावा पण पाणी निघू नये इतकीच ओलसर, वर मूठभर वाळका पाला. अळी ठेवा, झाकण लावा, काळोखात ठेवा आणि आता हात लावू नका. हे शेवटचं सगळ्यात अवघड. झाला का कोष, झाला का, म्हणून आपण माती उकरतो आणि अर्धवट झालेल्या कोषाला धक्का लागतो, तो कोष लोण्यासारखा मऊ असतो त्या वेळी. उन्हाळी-पावसाळी हवेत साधारण दोन आठवड्यांत मॉथ येतो. तो बाहेर आल्या आल्या चढायला खरखरीत काहीतरी हवं, एक वाळकी काटकी डब्यात तिरकी उभी करा, तिला लटकून तो पंख सोडतो. गुळगुळीत प्लास्टिकवरून घसरून पडला तर पंख चुरगळलेले तसेच वाळतात आणि मग तो उडत नाही, हेही माझ्याकडे झालंय. आणि जो निघेल तो बघा एकदा, शेवाळी हिरवा, मध्ये गुलाबी झाक, संगमरवरावर असतात तशा लाटा. लष्कराच्या कपड्यांसारखा दिसतो म्हणून काही लोक आर्मी मॉथ म्हणतात. रात्री बाल्कनीत डब्याचं झाकण उघडून ठेवायचं, थोडा वेळ पंख थरथरवून अंग गरम करतो आणि जातो.

दर वेळी मॉथच निघेल असं मात्र नाही. एकदा मी सहा अळ्या आणल्या त्यातून दोन मॉथ आणि बाकीच्यांतून माश्या निघाल्या. माश्या आणि बारक्या गांधीलमाश्या अळीवर किंवा अळीच्या आत अंडी घालतात, पिल्लं तिला आतून खातात. अळीच्या पाठीवर पांढरे तांदळाचे दाणे चिकटल्यासारखे दिसले तर ती अळीची अंडी नव्हेत, ते त्या बारक्या गांधीलमाशीचे कोष, आणि ती अळी आता फक्त नावाला जिवंत आहे. नवीन माणसाला याचं फार वाईट वाटतं, मलाही वाटायचं, मग मी त्या माश्यांचेही फोटो काढून ठेवायला लागले कारण कुठल्या अळीतून कुठली माशी निघाली ही नोंद मॉथच्या नोंदीइतकीच कामाची असते आणि ती फक्त पाळणाऱ्याकडेच असते.

आता मुद्द्याचं. तुम्ही दिवा विचारलात, सगळेच आधी दिवा विचारतात. पांढरा पडदा, मोठा बल्ब, शंभर मॉथ, शंभर फोटो, मजा येतेच, मी नाही म्हणत नाही, मीही करते. पण दिव्यावर आलेला मॉथ म्हणजे एस्टी स्टँडवर भेटलेला माणूस, कुठून आला, काय खातो, घर कुठे, काही कळत नाही. तेच अळी झाडावर सापडली तर झाड कळलं, ऋतू कळला, वाढवली तर मॉथ कळला आणि सगळं एका धाग्यात आलं. भारतात फुलपाखरं तेराशेच्या वर आणि मॉथ दहा हजारांच्या वर, आणि त्यातल्या कितीतरी मॉथची अळी कशी दिसते, कुठल्या झाडावर असते हे कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे बाल्कनीत तगर असलेल्या माणसाला इथे करायला खरंखुरं काम आहे. म्हणून माझा सल्ला, पहिलं वर्ष दिवा विकत घेऊ नका. आठ-दहा झाडं ठरवा आणि दर आठवड्याला तीच बघा.

कुठली झाडं, तर तगर-कण्हेर झालीच. अनंत असेल कुणाकडे तर तो अजिबात सोडू नका. त्याच्यावर कॉफी बी हॉकमॉथची अळी असते, हा मॉथ दिवसा उडतो, भुंग्यासारखा आवाज करत फुलासमोर हवेत थांबतो, पंख काचेसारखे आरपार. पण गंमत अशी की कोषातून निघतो तेव्हा पंख आरपार नसतात, त्यांच्यावर करड्या खवल्यांची पूड असते आणि पहिल्यांदा पंख फडफडवले की ती सगळी झडून जाते. हे बागेत उभं राहून कधी दिसणार नाही, डब्यासमोर पहाटे बसलेल्यालाच दिसतं, मला तिसऱ्या वर्षी दिसलं आणि मी घरातल्या सगळ्यांना उठवलं, एकटी सासूबाई आल्या.

मग अळू आणि तेरडा. पावसाळ्यात या दोघांवर हॉकमॉथच्या अळ्या हमखास, अंगावर डोळ्यांची रांगच्या रांग असलेल्या, आणि अळूवडीला पानं काढताना निम्म्या बायकांनी त्या पाहिलेल्या असतात फक्त ई करून टाकून दिलेल्या असतात. स्पायडर लिली किंवा कळलावी असेल तर काळी, पांढऱ्या नि लाल ठिपक्यांची अळी, तीन दिवसांत लिलीचा चिखल करते, तिला लिली मॉथ म्हणतात. उंबराच्या कुळातल्या झाडांवर असोटा नावाचे पिवळे ठिपकेदार मॉथ, दिवसासुद्धा पानाखाली बसलेले मिळतात, एकदम सोपे, पोरांना दाखवायला उत्तम. तागावर आणि रानातल्या खुळखुळ्यावर पांढऱ्या अंगावर लाल-काळे ठिपके असलेला छोटा नाजूक मॉथ, तो भर दुपारी उडतो म्हणून लोक फुलपाखरू समजतात. बांधावरच्या एरंडावर तर वर्षभर काही ना काही असतंच.

आणि गुळवेल! २०२० मध्ये काढ्याच्या नादात घरोघरी गुळवेल लावली गेली, आता काढा कुणी पीत नाही पण वेल गच्चीपर्यंत गेलीय. तिच्यावर काळपट जाड अळी बघा, हात लावला की पुढचा भाग वाकवून डोकं आत घेते आणि अंगावरचे मोठे खोटे डोळे तुमच्याकडे रोखते, पहिल्यांदा मी हातातली पिशवी टाकली होती. हिचा मॉथ म्हणजे विदर्भातले संत्रेवाले ज्याला रसशोषक पतंग म्हणतात तो. साध्या मॉथची सोंड मऊ असते, याची टोकदार करवतीसारखी, संत्र्याच्या सालीत भोक पाडून रस पितो, मग त्या भोकातून सड शिरते आणि फळ गळतं. बसलेला असला की वाळकं पान, पंख उघडले की मागचे पंख भगवे. शेतकऱ्याचा शत्रू खरा, पण त्याची अळी संत्र्याच्या झाडावर नसतेच, ती कुंपणावरच्या गुळवेलीवर असते, म्हणजे बागेत कितीही फवारलं तरी त्याचं घर सुटतंच. अळीचं झाड माहीत असणं का महत्त्वाचं याला याच्याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

शेवग्याचं तर सांगायलाच नको, पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचा गठ्ठाच्या गठ्ठा बसलेला, कुणी कुसरूंड म्हणतं, आणि लोक चुडी पेटवून तो गठ्ठा जाळतात. तो यूप्टेरोट नावाच्या मॉथचा सुरवंट. रात्री पाल्यात जाऊन खातात आणि दिवसा खोडावर एकत्र येऊन बसतात. याला मात्र लांबूनच नमस्कार करा.

अळी शोधायची ती पानं चाळून नाही. आधी जमिनीकडे बघा. फरशीवर, मोठ्या पानांवर लेंड्या पडलेल्या असतात, ताज्या असल्या तर हिरवट ओल्या, आणि हॉकमॉथच्या असल्या तर मिऱ्याएवढ्या, अंगावर खाचा असलेल्या. लेंड्या दिसल्या की मान वर करा, बरोब्बर वरच्या फांदीवर पानं कुरतडलेली दिसतील, कडा अजून हिरव्या असतील तर अळी आहे, कडा तपकिरी वाळल्या असतील तर गेली. दिवसा नाही सापडली तर रात्री जेवणं झाल्यावर बॅटरी घेऊन जा, दिवसा जी अळी देठासारखी गप्प असते ती रात्री हलते. युव्ही टॉर्च मिळते ना नोटा तपासायची, ती मारली तर बऱ्याच हिरव्या अळ्या पानांच्या काळोखात फिकट चमकतात, फक्त ती डोळ्यात मारायची नाही, स्वतःच्याही आणि कुत्र्याच्याही. आणि कोकणातल्या माणसाकडे सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे छत्री. झुडपाखाली उलटी उघडून धरायची, वरची फांदी काठीने दोनदा ठोकायची, छत्रीत कोळी, किडे, काटक्या आणि त्यात एखादी उंटअळी पडते. काटकी म्हणून फेकायला जाल आणि ती चालायला लागेल. उंटअळीला मागचे पाय कमी, पोटाखालचे मधले पाय नसतातच, म्हणून ती पाठीची कमान करत वीत टाकत जाते, त्यावरून ओळखायची.

आता हात लावण्याबद्दल, कारण इथे लोक एकतर सगळ्यालाच घाबरतात नाहीतर कशालाच नाही. गुळगुळीत अळ्या, शिंगवाल्या हॉकमॉथच्या अळ्या काही करत नाहीत, ते शिंग टोचत नाही. केसाळ सुरवंट हातात घ्यायचा नाही, त्याचे केस तुटून कातडीत अडकतात. आणि सगळ्यात जास्त चटका देते ती चपटी, गोगलगाईसारखी सरकणारी, हिरवी, अंगावर काटेरी झुपके असलेली. २०२२ च्या पावसाळ्यात मराठवाड्याकडे आणि नगरकडे घोणस अळी घोणस अळी म्हणून जो गोंधळ झाला ती याच स्लग कॅटरपिलरच्या जातकुळीतली. ऊस, गवत यांत काम करताना लागली की आग होते, सूज येते, कुणाला उलट्या होतात, ॲलर्जीचं अंग असलेल्या माणसाला दवाखान्यात न्यावंच लागतं, ते खोटं नाही. पण चावून माणूस जागेवर मरतो वगैरे जे मेसेज फिरले त्यांनी लोकांची झोप उडवली, आणि शेताशेतात दिसेल ती अळी, अगदी फुलपाखरांच्यासुद्धा, ठेचली गेली. ती अळी चावतही नाही, काटा लागतो. लागलं तर चोळू नका, चिकटपट्टी त्या जागेवर चिकटवून दोन-तीनदा ओढून काढा, केस निघतात, मग साबणपाणी आणि बर्फ. डोळ्यात केस गेला किंवा श्वास लागला तर मात्र घरगुती काही नाही, सरळ डॉक्टर.

बरं, दिवा. तुम्ही ऐकणार नाहीच, म्हणून सांगते. आधी फुकटातलं, जिन्यातली ट्यूबलाईट, पेट्रोलपंप, एस्टी स्टँडची भिंत, सकाळी सहाला जाऊन बघा, रात्रीचे मॉथ तिथेच बसलेले असतात. अर्थात पालींनी आणि बुलबुलांनी काही शिल्लक ठेवलं असेल तर. पूर्वी जे पांढरे मर्क्युरीचे दिवे होते त्यांच्यावर तुटून पडायचे, आता रस्त्यावर एलईडी आले त्यांत युव्ही नसतं फारसं, म्हणून कमी दिसतात, त्यावरून लगेच मॉथ संपले असा निष्कर्ष काढू नका. स्वतःचा लावायचा तर पांढरी जुनी चादर दोरीवर ताणून, तिच्यासमोर १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब, तो चोक न लावता साध्या होल्डरला चालतो पण होल्डर चिनी मातीचा घ्या कारण बल्ब भयंकर तापतो, आणि तापलेल्यावर पावसाचा थेंब पडला की तडकतो. बाल्कनीत एवढा नको, शेजारी वर येतील, तिथे युव्हीची छोटी ट्यूब पुरते. अमावास्येच्या आसपासची, ढगाळ, दमट, वारा नसलेली रात्र बघा. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावरचे आठ-दहा दिवस आणि मग पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर. थंडीतल्या पौर्णिमेला चादर लावून बसलात तर डास मोजाल. काही मॉथ संध्याकाळी सातला येतात, काही मध्यरात्रीनंतरच, म्हणून एकदा तरी पूर्ण रात्र जागा. पावसाळ्यात चादरीवर एक बारीक लाल-काळा मुंगीसारखा किडाही येतो, मानेवर बसला तर चिरडायचा नाही, फुंकर मारून उडवायचा, चिरडला तर दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा फोड. आणि उजाडायच्या आत दिवा बंद करून चादर झाडीत झटका. नाहीतर पहाटे दयाळ आणि कोतवाल येऊन चादरीवर जेवायला बसतात आणि दोन रात्रींत त्यांना तुमचं टाइमटेबल पाठ होतं. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात दिवा लावायला वनखात्याची परवानगी लागते, तिथली अळीसुद्धा उचलून घरी आणायची नाही, परसात पुष्कळ आहेत.

दरवर्षी पावसाळ्यात मला निदान दहा फोन येतात की दुर्मिळ पतंग सापडलाय, पेपरवाल्यांना बोलवू का. तो असतो ॲटलास मॉथ. वीतभराहून मोठा, पंखांच्या टोकाला सापाचं तोंड काढल्यासारखं. सह्याद्रीत आणि कोकणात तो दर पावसाळ्यात असतो, दुर्मिळ वगैरे नाही, फक्त रात्री उडतो आणि आयुष्य मोजून आठवडाभराचं म्हणून नजरेस पडत नाही. लोक त्याला बशीत साखरपाणी ठेवतात, बिचारे प्रेमानेच, पण त्याला खायला कामाचं तोंडच नसतं. अळी असताना जे खाल्लं त्याच्यावरच तो जगतो, जोडीदार शोधतो, मादी अंडी घालते, संपलं. लांब शेपट्यांचा फिकट हिरवा मून मॉथ तसाच, त्याची अळी शिमटीवर मिळते, कुठे या झाडाला मोई म्हणतात. आणि भंडारा-गडचिरोलीकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाचा कोसा पिकवतात ती अळीही याच घराण्यातली, तिथल्या ढिवर समाजातल्या बायाबापड्यांना अळीचं जेवढं कळतं तेवढं मला पंधरा वर्षांत कळलं नाही, कारण त्यांना ते कळण्यावर पोट आहे, मला फक्त हौस. असा मोठा मॉथ भिंतीवर दिसला तर काही करू नका, कुत्र्या-मांजराला आत घ्या आणि अंगणातला दिवा बंद करा, एवढीच मदत.

उलट जो भरपूर खातो तोही सांगते. आमच्या गावात एकांकडे सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत, त्यांनी एकदा रात्री बोलावलं की पेटीतून उंदराचा आवाज येतोय. उघडून बघतो तर आत डेथ्स हेड हॉकमॉथ, पाठीवर कवटीसारखी खूण असते तो, मध चोरायला घुसलेला. धरला की च्यूं च्यूं असा खरंच आवाज काढतो, सोंडेतून हवा काढून. कवटी बघून त्यांच्या घरात अपशकुन, कुणाचं तरी बरंवाईट होणार, अशी चर्चा सुरू. मी विचारलं तीळ लावलेत का यंदा, तर हो, मागच्या वरकसात, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत. बस, तिळावर आणि पारिजातकावर याची अळी वाढते, हळदीसारखी पिवळी किंवा हिरवी, शिंग वळलेलं. तीळ तिथे, मध इथे, त्याने काय दुसरीकडे जायचं. पेटीचं दार थोडं बारीक केलं, विषय संपला.

नावांचं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर फोटो टाका, ॲप जे पहिलं नाव सुचवेल ते डोळे मिटून घेऊ नका, ते बऱ्याचदा भलत्याच खंडातला मॉथ दाखवतं. मॉथ्स ऑफ इंडिया ही वेबसाइट उघडून फोटो ताडून बघा, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलही आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात २०१२ पासून नॅशनल मॉथ वीक होतो, नाव नॅशनल असलं तरी जगभर चालतो, त्या आठवड्यात जाणकार लोक नोंदी तपासायला जास्त बसलेले असतात, तेव्हा टाकलेल्या फोटोंना लवकर उत्तर मिळतं. आणि नाव नाहीच मिळालं तर काही बिघडत नाही, कितीतरी मॉथ फोटोवरून ओळखताच येत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली शरीर उघडावं लागतं. वंशापर्यंत, म्हणजे शास्त्रीय नावाच्या पहिल्या शब्दापर्यंत, पोचलात तरी पुष्कळ. तारीख, गाव, झाड, कधी कोष, कधी मॉथ, एवढं वहीत लिहा, फोनमध्ये नको, माझा एक फोन पुरात गेला त्याच्यात दोन वर्षांच्या नोंदी होत्या, वही माळ्यावर होती ती वाचली. शंभर वर्षांपूर्वी कारवारला टी. आर. बेल म्हणून जंगलखात्यातले एक साहेब होते, ते हेच करायचे, अळ्या आणायच्या, वाढवायच्या, लिहून ठेवायचं. स्कॉट नावाच्या दुसऱ्या एकासोबत हॉकमॉथवरचा त्यांचा ग्रंथ १९३७ मध्ये निघाला आणि आजही आपल्याकडच्या हॉकमॉथची अळी कुठल्या झाडावर असते हे शोधायला लोक तोच उघडतात. त्यांच्याकडे ना युव्ही ना मॅक्रो लेन्स.

आपल्या गावात फिरताना शेतकरी अळी दाखवून विचारतातच, तेव्हा एक ओळख पक्की असू द्या. मक्याच्या पोंग्यात अळी, डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडे चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके, तर ती अमेरिकन लष्करी अळी, २०१८ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी आपल्याकडे आली. त्यांना सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) पाठवा, औषधं आपण सांगायची नाहीत. नाव सांगितलं की लोक पुढचं वाक्य फवारणीचंच विचारतात आणि त्यात पडलं की मग संबंध बिघडतात.

कॅमेरा शेवटी, कारण त्याचं महत्त्व शेवटचंच आहे. फोन चालतो, खरंच चालतो. फोनला लावायची चिमट्यासारखी मॅक्रो लेन्स स्वस्तात मिळते ती फार चांगली नसते पण अळीच्या तोंडाला पुरते. मॉथचा फोटो वरून सरळ, दोन्ही पंख पूर्ण यावेत, मिशा दिसाव्यात, नराच्या मिशा बऱ्याचदा पिसासारख्या असतात. शेजारी पट्टी किंवा एक रुपयाचं नाणं ठेवा, आकाराशिवाय ओळख अडते. अळीचा एक बाजूने, एक वरून, एक डोक्याचा. आणि एक फोटो झाडाचा, पान, देठ, फूल असेल तर फूल, कारण सहा महिन्यांनी फोटो बघताना अळी आठवते, झाड कुठलं होतं ते आठवत नाही, माझ्याकडे असे तीनेकशे फोटो आहेत, सुंदर अळी, मागे हिरवं काहीतरी.

तुमच्या तगरीवर त्याच मादीने आणखी अंडी घातलेली असू शकतात, कोवळ्या पानांना खालून-वरून बघा, मोहरीच्या दाण्याहून जरा मोठा फिकट हिरवा मणी, एका पानावर एकच. सापडला तर तोडू नका, त्या फांदीला लाल दोरा बांधून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी छाटणी करणार नाही. श्रीखंड आणा तोवर.